आचेतला गावनिधी: सोमवार ते शनिवार

सोमवार, बांदा आचे

इंडोनेशियात केंद्राचा पैसा गावाच्या खात्यावर जायला लागला तो २०१५ पासून. त्याच्या आदल्या वर्षी ६ क्रमांकाचा गाव कायदा झाला आणि 'दाना देसा', म्हणजे गावनिधी, सुरू झाला. पहिल्या वर्षी तरतूद होती २०.७७ लाख कोटी रुपिया. २०२४ मध्ये ती ७१ लाख कोटींवर गेली. १० लाख रुपिया म्हणजे साधारण ५ हजार रुपये, असा हिशेब मनात ठेवला की आकड्यांचा धसका बसत नाही. गावं ७५ हजारांच्या घरात आहेत. २०२४ ची सरासरी काढली तर एका गावाला वर्षाला आपले जवळपास ५० लाख रुपये आले. महाराष्ट्रातल्या बऱ्याच ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा एवढा निधी कधी बघायला मिळत नाही.

हा पैसा देशभर जातो. तरी त्याला इस्लामी अर्थव्यवहाराची चौकट कशी बसवतात हे पाहायचं तर सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचेत यावं लागतं. २००४ ची त्सुनामी, २००५ चा सरकार आणि आचेतल्या बंडखोरांमधला हेलसिंकी शांतता करार आणि २००६ चा ११ क्रमांकाचा आचे प्रशासन कायदा यांनंतर या प्रांताला स्वतःचे कायदे करण्याचा मोठा अधिकार मिळाला. त्यांना 'कानून' म्हणतात. २०१८ च्या ११ क्रमांकाच्या कानूनने बँका, पतसंस्था आणि इतर वित्तसंस्थांना शरियतप्रमाणेच व्यवहार करायचं बंधन घातलं आणि त्यासाठी ३ वर्षांची मुदत दिली. प्रांताची स्वतःची बँक आचे २०१६ मध्येच पूर्णपणे शरिया बँक झाली होती. व्याजी बँकांनी गाशा गुंडाळल्याचा एक तोटाही झाला. मे २०२३ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या शरिया बँकेची यंत्रणा काही दिवस कोलमडली, तेव्हा आचेत लोकांना दुसरीकडे वळायला फारशी जागा नव्हती.

पुढच्या गावांत पाऊल टाकण्याआधी पैशाचे प्रकार वेगळे ओळखावे लागतात, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. गावनिधी हा सरकारी पैसा आहे. तो अंदाजपत्रकातल्या कामावरच खर्च होतो. जकात, म्हणजे मुसलमानाने आपल्या संपत्तीतून द्यायचा सक्तीचा धार्मिक हिस्सा, आठ ठरलेल्या गटांचीच असते. आचेत त्यांना 'सेनिफ' म्हणतात: अत्यंत गरीब, गरजू, वसुली करणारे, नव्याने धर्मात आलेले, गुलामीतून सुटणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेवरचे आणि वाटेत अडकलेले प्रवासी. वसुली करणाऱ्यांना आठवा हिस्सा, म्हणजे १२.५ टक्क्यांपर्यंत घेता येतो. तिसरा पैसा इन्फाक आणि सदका. तो ऐच्छिक असल्याने त्याच्यावर अटी कमी. चौथा वक्फ: मूळ मालमत्तेला हात लावायचा नाही, फक्त उत्पन्न वापरायचं.

बहुतेक फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांच्या, मते जकातीची रक्कम हक्कदाराच्या मालकीची झालीच पाहिजे, म्हणून तिच्यातून रस्ता किंवा पूल बांधता येत नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१५ मध्ये पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी काही अटींवर मोकळीक दिली. ही मोकळीक मोठी आहे, पण तिचा आधार घेऊन गटाराचं सगळं काम जकातीवर ढकललं की विधवेच्या घरी जाणारा तांदूळ कमी होतो. त्यामुळे चांगला क्युचिक, म्हणजे सरपंच, रस्त्या-गटाराला गावनिधी वापरतो आणि जकातीला हात लावत नाही.

मंगळवार, आचे बेसार

आचेत गावाला गाम्पोंग म्हणतात. ती साडेसहा हजारांच्या आसपास आहेत. गावाचं केंद्र म्हणजे 'म्युनासा'. लाकडी किंवा सिमेंटच्या या सभागृहात नमाजही होतो आणि गावसभाही. क्युचिकबरोबर 'तुहा प्युत' ही मंडळी, म्हणजे गावातल्या जाणत्यांची परिषद, आणि इमाम असतो. सरपंच आणि इमाम एकाच सतरंजीवर बसून अंदाजपत्रक ठरवतात, आणि आचेतल्या पद्धतीचं बळ यातच आहे.

वर्षाचा क्रम असा. जूनच्या सुमारास गावसभा पुढच्या वर्षाची कामं सुचवते. सप्टेंबरअखेर वार्षिक आराखडा पक्का होतो आणि ३१ डिसेंबरपर्यंत अंदाजपत्रक मंजूर व्हायला हवं. ते पाच शीर्षांखाली मांडतात: कारभार, बांधकाम, समाजकार्य, लोकांची क्षमतावाढ आणि आपत्ती. पगार आणि कार्यालयीन खर्च ३० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. हिशेब 'सिसक्युदेस' या सरकारी सॉफ्टवेअरमध्ये भरतात आणि गावाच्या दर्शनी भागात फ्लेक्सवर पूर्ण अंदाजपत्रक लावतात. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी वाटणी होती. इथेही वरून टक्केवारी येते: २०२२ मध्ये किमान ४० टक्के रोख मदतीला, २०२५ मध्ये किमान २० टक्के अन्नसुरक्षेला. रोख मदत कुटुंबाला महिना ३ लाख रुपिया.

काय बिघडतं? कोणत्या गावाला किती, हे ठरवणारा जिल्ह्याचा आदेश उशिरा निघतो. आदेश नाही म्हणून अंदाजपत्रक नाही, अंदाजपत्रक नाही म्हणून पहिला हप्ता नाही. मग पैसा वर्षाच्या उत्तरार्धात येतो, ऐन पावसात सिमेंटचं काम काढावं लागतं आणि डिसेंबरच्या आत खर्च दाखवायची घाई होते. रोजगारासाठी राखलेलं काम यंत्राने उरकतात ते याच घाईत. ज्या गावांनी आराखडा सप्टेंबरात खरोखर पूर्ण करून नकाशे, मोजमापं आणि दर तयार ठेवलेले असतात, त्यांना आदेश आल्यावर फक्त आकडे भरायचे उरतात.

रोख मदतीची यादी हा दुसरा नाजूक भाग. सरकारी यादी आणि जकातीची यादी वेगवेगळी बनली की एकाच घराला दोन्हीकडून मिळतं आणि शेजारच्याला कुठूनच नाही. उपाय साधा आहे. म्युनासात एकच यादी वाचायची आणि प्रत्येक नावापुढे सरकारी मदत, जकात, यतीम (अनाथ) मुलांची मदत असे रकाने ठेवायचे. इमामाला कोणाच्या घरी चूल पेटत नाही ते माहीत असतं, ग्रामसचिवाला कोणाच्या नावावर काय आहे ते. दोघांची माहिती एका कागदावर आली की निम्मी भांडणं संपतात.

बुधवार, पिदी

सकाळच्या एल-३०० मिनीबसने सुलावा डोंगर चढायचा, सारेला केळ्या-रताळ्याच्या वेफर्सच्या दुकानांपाशी थांबायचं आणि उतरायचं ते पिदीच्या भाताच्या सपाटीत. बांदा आचेपासून पिदीचं मुख्य शहर सिग्ली ११० किलोमीटरच्या आसपास. हा आचेचा भातपट्टा आहे. गावाची अर्थव्यवस्था शरियतवर चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते इथल्या तीन व्यवहारांतून कळतं. तिन्ही गावनिधीपेक्षा कितीतरी जुने आहेत.

पहिला 'मावाह'. आपल्याकडे गाय अर्धलीने सांभाळायला देतात, तोच हा प्रकार. जनावर एकाचं, चारा-पाणी दुसऱ्याचं. आता गावाच्या मालकीचा उद्योग (आचेत त्याला बीयूएमजी म्हणतात) गावनिधीच्या भांडवलातून गोऱ्हे घेतो आणि भूमिहीन घरांना मावाहवर देतो. इस्लामी करारांच्या भाषेत हा मुदारबाच्या जवळचा करार: भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरलेल्या प्रमाणात.

समजा गोऱ्हा १ कोटी २० लाख रुपियांना घेतला आणि १ कोटी ८० लाखांना विकला. वाढ ६० लाख. निम्मेनिम वाटणीत ३० लाख सांभाळणाऱ्याला, ३० लाख गावाला. विक्रीची वेळ धरायची ती 'म्युगांग'ची. रमजानच्या आदल्या दिवशी आणि दोन्ही ईदांच्या आधी आचेत घरोघरी मांस शिजतं, तेव्हा भाव चढतात. म्हणून खरेदी म्युगांगच्या ५-६ महिने आधी. २०० किलोच्या जनावराला रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे २० किलो हिरवा चारा लागतो. बांधावर हत्तीगवत नसेल तर एका घराला दोनपेक्षा जास्त गोऱ्हे देऊच नयेत. चारा विकत आणायची वेळ आली की सांभाळणाऱ्याच्या ३० लाखांतलं फार काही उरत नाही.

कागदावर पाच गोष्टी हव्यात: खरेदीचा भाव, जनावराची खूण किंवा कानातला बिल्ला, औषधाचा खर्च कोणाचा, विक्री कोण ठरवणार आणि वाटणीचं प्रमाण. वाटणी आकड्यात लिहिली, म्हणजे 'गावाला २० लाख द्यावेत' असं लिहिलं, की करार मोडला. प्रमाण लिहायचं, रक्कम नाही. सर्वांत जास्त तंटे खरेदीचा भाव न लिहिल्यामुळे होतात, कारण वाढ कुठून मोजायची हेच ठरत नाही.

आणि जनावर मेलं तर? हलगर्जी नसेल तर भांडवलाचा तोटा गावाचा. सांभाळणाऱ्याची मेहनत गेली, तेवढंच त्याचं नुकसान. मे २०२२ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ इंडोनेशियात परतली तेव्हा सुरुवातीच्या ठिकाणांत आचेचा तामियांग जिल्हाही होता. अशा वेळी कराराचा कस लागतो. हिशेब तपासणीच्या भीतीने अनेक ठिकाणी क्युचिक लिहून घेतो की जनावर मेलं तरी मूळ रक्कम परत करावी लागेल. वाटणी ठेवली आणि तोटा दुसऱ्यावर टाकला, तर नाव मुदारबाचं आणि व्यवहार सावकाराचा. जो तोटा घेत नाही त्याला नफा घ्यायचा हक्क नाही, हा या फिकहचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, कणा आहे. खरा उपाय वेगळा आहे: गावाने आपल्या नफ्यातला ठरावीक हिस्सा मृत्यू निधी म्हणून बाजूला ठेवायचा, आणि जनावर मेल्यावर २४ तासांत पशुवैद्यकाचा दाखला आणि म्युनासातल्या दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. तपासणी अधिकाऱ्यालाही कागद लागतो, तो मिळतो.

दुसरा व्यवहार 'गाला', म्हणजे भातखाचराचं ताबेगहाण. अडलेला शेतकरी सोनं उसनं घेतो. माप 'मायाम', साधारण ३.३ ग्रॅम. बदल्यात खाचराचा ताबा सावकाराकडे जातो. सोनं परत येईपर्यंत पीक सावकाराचं, आणि कितीही हंगाम गेले तरी मूळ कर्ज कमी होत नाही. कित्येकदा मालकच आपल्या शेतात वाटेकरी म्हणून राबतो. कर्जाच्या बदल्यात मिळणारा ठरीव फायदा म्हणजे रिबा, म्हणजे व्याज, हे इथल्या मदरशांत शिकवलं जातं, तरी गाला टिकून आहे. अडीनडीला दुसरं कोणी एका संध्याकाळी सोनं देत नाही, हे त्याचं कारण. त्यात सोन्याचा भाव चढत जातो, म्हणून रुपियांत मोजलं तर कर्ज बसल्या जागी वाढतं.

सुटकेच्या दोन वाटा आहेत. एक, गावाच्या बैतुल मालने (जकात-सदक्याचा कोष) इन्फाकच्या पैशातून कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, देऊन खाचर सोडवायचं आणि दर कापणीला ठरलेला हप्ता घ्यायचा, वर एक पैसाही नाही. शेतकरी खरोखर कर्जात बुडालेला असेल तर तो जकातीच्या 'गारिमीन' गटात बसतो आणि ती रक्कम परत मागायचीही नसते. दुसरी वाट सावकारालाही पटू शकते: गाला मोडून भाडेकरार करायचा. १० मायामचं कर्ज आणि हंगामाचं भाडं १ मायाम ठरलं, तर १० हंगामांत कर्ज फिटतं. वर्षाला दोन पिकं धरली तर ५ वर्षांत. भाडं आसपासच्या खाचरांच्या चालू दराने ठरवायचं. ते मुद्दाम कमी धरलं की गाला पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

तिसरा, भाताची जकात. उंबरठा ६५३ किलो भात. पावसावरचं पीक असेल तर दहावा हिस्सा, पंपाने किंवा पैसे देऊन पाणी घेतलं असेल तर विसावा. वर्ष उलटायची वाट पाहायची नाही. कापणी झाली की देणं लागू. २ टन भात झालं तर पावसाच्या शेतावर २०० किलो, पंपाच्या शेतावर १००. चूक होते ती अशी: लोक तांदूळ मोजतात आणि उंबरठा भाताचा लावतात. तांदळाचा उंबरठा ५२४ किलो आहे. मळणीच्या जागीच पोती मोजून पावती देणारा माणूस बैतुल मालकडे असला की वसुली वाढते. घरी गेलेलं भात पुन्हा बाहेर निघत नाही.

पिदीची एम्पिंग, म्हणजे मेलिंजो झाडाच्या बियांचे चपटे वेफर्स, प्रसिद्ध आहे. बिया तापल्या वाळूत भाजायच्या, कवच फोडायचं, गरम असतानाच ठोकून चपट्या करायच्या आणि उन्हात वाळवायच्या. ठोकणाऱ्या बायकांना 'तोके', म्हणजे व्यापारी, बिया उधार देतो आणि माल आपल्याच भावाने घेतो. इथे बीयूएमजीने मुराबहा करावा: बिया आधी स्वतः विकत घ्याव्यात, ताब्यात घ्याव्यात, खरेदीभाव उघड सांगून ठरलेला नफा लावावा आणि हप्त्याने विकाव्यात. बहुतेक ठिकाणी हे चुकतं, कारण गोदाम नको म्हणून बाईच्या हातात रोख ठेवतात आणि 'तूच घेऊन ये' म्हणतात. पावती मागत नाहीत. मग तो रोखीचा व्याजी उसना व्यवहारच झाला. एका खोलीचं गोदाम आणि एक वजनकाटा, एवढ्यावर हा करार खरा की खोटा ते ठरतं.

गुरुवार, घाट

बिर्युएनवरून डावीकडे समुद्र सोडायचा आणि ताकेंगोनचा घाट धरायचा. शंभरेक किलोमीटर वळणं, पावसाळ्यात दरडी. भात मागे राहतं आणि कॉफी सुरू होते. माणसंही बदलतात: इथले लोक गायो, त्यांची भाषा वेगळी, गावाला 'कांपुंग' आणि सरपंचाला 'रेजे'. कारभार चार खांबांचा, त्याला 'साराक ओपत' म्हणतात: रेजे, इमाम, रूढी जाणणारा पेतुए आणि लोकांची परिषद.

शुक्रवार, ताकेंगोन

खुतब्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाच्या, आधी मशिदीचा खजिनदार उभा राहून आठवड्याचा हिशेब वाचतो: मागची शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक. इंडोनेशियात जवळपास सगळीकडे ही रीत आहे. गावउद्योगाचा हिशेब मात्र वर्षातून एकदा, तोही जाड फाइलमध्ये. बीयूएमजीच्या चार ओळी त्याच जागी, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी वाचून दाखवायला कोणताही कायदा आड येत नाही. बायका शुक्रवारी मशिदीत कमी असतात, म्हणून त्याच ओळी महिला मंडळाच्या कुराणपठणाच्या बैठकीतही वाचायला हव्यात.

कॉफीची मुख्य तोडणी साधारण ऑक्टोबरपासून. त्याआधीचे महिने टंचाईचे, आणि तोके नेमका तेव्हाच उचल देतो. बदल्यात येणारं पीक पडत्या भावाने बांधून घेतो. शरियतमध्ये आगाऊ खरेदीला जागा आहे, तिला 'सलम' म्हणतात, पण अटी कडक. पूर्ण किंमत कराराच्या वेळीच द्यायची. अर्धी आज अर्धी नंतर असं केलं तर तो सलम नाही. मालाचं वजन, प्रत, देण्याची तारीख आणि जागा लिहायची. 'याच बागेतली कॉफी' असं बांधायचं नाही, कारण ती बाग किडली तर करार हवेत जातो. माल देता आला नाही तर खरेदीदाराने थांबायचं किंवा मूळ रक्कम परत घ्यायची, वाढीव काही नाही.

गायो कॉफीत या करारांचा घात ओलावा करतो. इथे सुमात्राची ओली सोलाई चालते: फळाची साल त्याच दिवशी काढतात, रात्रभर आंबवून धुतात, ३५ ते ४० टक्के ओलाव्यावरच टरफल सोलतात आणि मग हिरवा दाणा १२-१३ टक्क्यांपर्यंत वाळवतात. करारात नुसतं '१०० किलो कॉफी' लिहिलं तर कोणत्या टप्प्यावरचे १०० किलो? ३८ टक्के ओलाव्याचे १०० किलो वाळून १३ टक्क्यांवर आले की ७१ किलोच उरतात. म्हणून लिहायचं ते असं: हिरवा दाणा, ओलावा १३ टक्क्यांच्या आत, सदोष दाण्यांची मर्यादा, सहकारी संस्थेच्या गोदामात पोच. ओलावामापक शेतकऱ्यासमोर लावायचा आणि आकडा दोघांच्या कागदांवर घालायचा.

दुसरा घात भाववाढीचा. तोडणीच्या वेळी भाव चढला की शेतकरी दुसरीकडे विकतो. त्याला बेइमान म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्याचं सगळं पीक ऑगस्टच्या भावाने बांधलं गेलंय, त्याच्या घरात डिसेंबरच्या भावातलं काहीच येत नाही. सलम अपेक्षित पिकाच्या तिसऱ्या हिश्शापुरताच करावा. उरलेलं त्याला बाजारभावाने विकता आलं की बांधलेला हिस्सा तो वेळेवर आणून देतो.

कॉफीवर जकात किती, यावर मतं वेगळी आहेत. आचेत शाफी पंथ चालतो आणि त्याच्या जुन्या मताप्रमाणे पिकाची जकात साठवता येणाऱ्या मुख्य अन्नावर: तांदळावर आहे, कॉफीवर नाही. हनफी या दुसऱ्या पंथाच्या मताप्रमाणे जमिनीतून येणाऱ्या सगळ्याच उत्पन्नावर आहे. शाफी चौकटीत राहून मधली वाट निघते ती व्यापारी मालाची: वर्षाअखेर कॉफीच्या धंद्यातली संपत्ती ८५ ग्रॅम सोन्याच्या किमतीवर गेली तर २.५ टक्के. पण त्यामुळे १० कोटी रुपियांची कॉफी पिकवून लगेच खर्चून टाकणारा सुटतो आणि दोन टन भात काढणारा देतो, हा अन्याय उरतोच. कॉफीपट्ट्यातल्या गावांनी याबद्दल उलेमांकडून (धर्मपंडितांकडून) लेखी निर्णय मागायला हवा. तोवर निदान ऐच्छिक इन्फाक म्हणून पोत्यामागे ठरावीक रक्कम संस्थेच्या काट्यावरच जमा करता येते.

शनिवार, बिर्युएन

घाट उतरून पुन्हा किनाऱ्याला. इथला प्रश्न जुन्या महिला कर्जनिधीचा. गावनिधी येण्याआधीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून तालुक्या-तालुक्याला फिरता निधी मिळाला होता, आपल्या बचत गटांसारखा. २०२१ च्या ११ क्रमांकाच्या नियमावलीने तो गावांच्या संयुक्त उद्योगाकडे सोपवायला सांगितलं, आणि आचेत शिवाय व्याजातून बाहेर काढणं आलं. वही तीच, 'व्याज' खोडून 'मार्जिन' लिहिलं, असं करून चालत नाही. प्रत्येक चालू कर्ज बंद करून वस्तूच्या खरेदी-विक्रीचा किंवा भागीदारीचा नवा करार करावा लागतो. थकलेल्या व्याजाचं काय, हे आधी ठरावात लिहायचं: ते सोडायचं, मूळ रक्कमच नव्या वहीत न्यायची.

थकबाकीवर दंड लावता येतो, पण जो देऊ शकतो आणि देत नाही त्याच्यावरच, आणि ती रक्कम संस्थेच्या उत्पन्नात धरायची नाही. ती समाजनिधीत जाते. राष्ट्रीय शरिया मंडळाचा २००० चा फतवा हेच सांगतो. जिचा नवरा आजारी पडला तिच्यासाठी कुराणातला आदेश स्पष्ट आहे: हात सैल होईपर्यंत मुदत द्या. त्यामुळे थकबाकीदाराच्या घरी जाणं टाळता येत नाही. वसुलीच्या वहीत 'का' असा रकाना लागतो: आजार, पीक बुडालं, माल विकला पण पैसे दुसरीकडे गेले, सरपंचाची नातेवाईक म्हणून मागायला कोणी जात नाही.

शेवटचं कारण सगळ्यात जास्त निधी बुडवतं. त्याच्या जोडीला 'सरकारचा पैसा, परत कशाला' ही समजूत. ज्या गटांत पाच जणी एकमेकींच्या धंद्याची खात्री देतात, आठवड्याला एकत्र बसतात आणि पहिलं कर्ज १० लाख रुपियांच्या वर जात नाही, तिथे ही समजूत फारशी रुजत नाही. त्याच बैठकीत सुरुवातीलाच वाचून सांगायचं असतं की या वहीतला कोणता पैसा देणगी आहे, कोणता उसना आहे आणि कोणत्या पैशात गाव तोट्याचाही भागीदार आहे.